लॅम्बटनची साखळी: हिंगणघाटच्या तळाच्या नोंदी

८ सप्टेंबर

आज पहिली बैठक. पॉलिटेक्निकच्या सर्व्हे लॅबमध्ये सिव्हिलची चौदा मुलंमुली जमली. त्यातली निम्मी खरोखर उत्सुक होती, उरलेली मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर आली होती. तेही चालेल.

ठरलं ते असं. येत्या १९ आणि २० जानेवारीला हिंगणघाटात विल्यम लॅम्बटनच्या मोजणी पथकाचा तळ उभा करायचा. हे नाटक नाही. संवाद पाठ करून म्हणायचे नाहीत. त्या काळच्या हत्यारांनी, त्या काळच्या रीतीने जमीन खरोखर मोजायची आणि मोजताना लोकांना जवळ येऊन पाहू द्यायचं. जमीन बरोबर मोजली गेली नाही, तर कपडे कितीही हुबेहूब असले तरी प्रकल्प फसला असं मी धरणार आहे.

हिंगणघाटच का, हे मुलांना सांगावं लागलं. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा (जिच्यावर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहतात ती काटेकोर मोजलेली रेषा) मोजून ज्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तो लष्करी अधिकारी हैदराबादहून नागपूरला तळ हलवताना वाटेत वारला, तो २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. चौदांपैकी पाच जण हिंगणघाट-समुद्रपूरकडचे, आणि त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. एव्हरेस्टचं नाव मात्र चौदा जणांना पाठ. शिखराला ज्याचं नाव आहे तो जॉर्ज एव्हरेस्ट हा लॅम्बटनच्या हाताखाली शिकलेला मदतनीस, आणि लॅम्बटन गेल्यावर काम त्याच्याकडे आलं, हे सांगितल्यावर खोलीत थोडा वेळ शांतता होती. मला ती आवडली.

२२ सप्टेंबर

आजचा दिवस वाचनाचा. लॅम्बटनचं आयुष्य फळ्यावर मांडलं. यॉर्कशायरचा शेतकऱ्याचा मुलगा, ३३व्या पायदळ पलटणीत. अमेरिकेच्या लढाईत यॉर्कटाउनला कैद झाला. सुटल्यावर न्यू ब्रन्सविककडे, म्हणजे इंग्रजी मुलूख आणि नव्या अमेरिकेच्या सीमेवर, मोजणीच्या कामात रमला. तिथेच सूर्यग्रहण पाहताना एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढची सगळी मोजणी एका डोळ्याने झाली. हे ऐकून एका मुलीने लगेच एक डोळा हाताने झाकून खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. अभिनयाची सुरुवात अशी व्हावी.

१७९९ ची श्रीरंगपट्टणची गोष्ट मुलांना सगळ्यात भावली. रात्रीच्या अंधारात जनरल बेअर्डची तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेला, टिपूच्या फौजेच्याच दिशेने चालली होती. लॅम्बटनने ताऱ्यांवरून ते ओळखलं आणि सांगितलं.

अडचण एकच. प्रत्येकाला लॅम्बटन व्हायचंय. खलाशी कुणालाच व्हायचं नाही.

सर्व्हेतला खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. साखळी धरणारा, खुंट्या ठोकणारा, झेंडी घेऊन टेकडीवर चढणारा आणि खाली उतरण्याचा इशारा मिळेपर्यंत तिथेच उभा राहणारा. माझ्या मनात हळूहळू असं घट्ट होत चाललंय की आपला तळ त्या माणसांभोवती उभा राहिला पाहिजे. लॅम्बटन लागेल, पण एकच लागेल. खलाशी मात्र दहा हवेत.

२ ऑक्टोबर

साखळी तयार झाली.

लॅम्बटनची पोलादी साखळी १०० फुटांची होती, अडीच-अडीच फुटांच्या ४० कड्यांची. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून इंग्रज वकिलातीबरोबर गेली होती. तिथे नाकारली गेली, फिरत फिरत कलकत्त्याला आली आणि शेवटी मद्रासच्या उन्हात जमिनीवर पसरली. आमची साखळी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात, १० मिलिमीटरच्या सळईतून झाली. वजन वीस किलोच्या आसपास. सांध्यांना पितळी खिळे घातलेत.

कारागीर मिस्त्रींनी दोन वेळा विचारलं, "मॅडम, टेप मिळतो ना आता बाजारात?" तिसऱ्या वेळी त्यांनी विचारणं सोडलं आणि प्रत्येक कडी स्वतः कॅलिपरने तपासायला बसले. चाळीसपैकी सहा कड्या परत केल्या. मी नव्हे, त्यांनीच.

दोन साखळ्या करून घेतल्या. एक कामाची. दुसरी सावलीत, पेटीत, तेल लावून ठेवायची. तिने जमिनीला स्पर्श करायचा नाही. कामाची साखळी ओढून ओढून वाढते, म्हणून तिला अधूनमधून पेटीतल्या साखळीशी ताडून पाहायचं. लॅम्बटनही हेच करायचा. पैसे दुप्पट लागले. खर्चाच्या वहीत तिसऱ्या पानावरच लाल रेघ आली आहे.

१३ ऑक्टोबर

आजची नोंद मोठी होणार, कारण आज काकाजी भेटले.

भूमी अभिलेखातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. उभ्या नोकरीत भूकरमापकाबरोबर साखळी वाहिली. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. नातू नुसता "आजोबांना दाखवतो" म्हणून साखळी बघायला घेऊन आला आणि दुपारभर ते आमच्यातच राहिले.

मुलं साखळी उलगडत होती, म्हणजे खरं तर गुंता करत होती. काकाजी पाच मिनिटं पाहत राहिले. मग चप्पल काढून पुढे आले, साखळीचा मध्य शोधला, आणि तिथून दोन्ही बाजूच्या दोन-दोन कड्या एकावर एक घेत चारा बांधावा तशी मोळी बांधून दाखवली. मग दोन टोकं डाव्या हातात धरून मोळी उजव्या हाताने पुढे सोडली. सरळ पडली. एकही पीळ नाही.

"आमची शंकू साखळी तेहतीस फुटाची होती," ते म्हणाले. "तेहतीस गुणिले तेहतीस म्हंजे एक गुंठा. चाळीस गुंठे, एकर. तुमची तिप्पट आहे. पण साखळी थे साखळी."

मग मुलांना एक वाक्य सांगितलं, ते मी तसंच लिहून ठेवते: "साखळी ओढाची नसते पोट्टेहो, ताणाची असते. ओढणारा आपल्या ताकदीवर ओढते. ताणणारा समोरच्याच्या हाताकडं पाह्यते."

मी त्यांना खलाशांचा मुकादम होण्याची विनंती केली. त्यांनी विचारलं, मजुरी किती. मी जरा गडबडले. मग ते हसले आणि म्हणाले, चहा चालेल, पण साखर कमी.

२० ऑक्टोबर

कपडे. खलाशांसाठी वर्ध्याहून खादी: आखूड धोतर, बंडी, मुंडासं. शर्टाची बटणं, घड्याळं, स्पोर्ट्स शूज, चष्म्याच्या रंगीत काड्या सगळं बंद. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी तारेच्या काडीचा वापरावा.

लॅम्बटनचा लाल कोट नागपुरात लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याकडे टाकला. कापड आणि कातर अगदी उत्तम. त्याला खांद्यावर सोनेरी जर लावण्याचा मोह आवरत नव्हता. ३३व्या पलटणीच्या कोटाच्या कॉलर-कफाचा रंगही लालच होता, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. "लालवर लाल? दिसंल काय?" पण शिवला, आणि देखणा शिवला.

१० नोव्हेंबर

पहिली चाचणी. फसली.

हिंगणघाटच्या बाहेर, एका पालकाच्या शेतात सोयाबीन निघालेल्या तुकड्यावर ३०० फुटांची आधाररेषा टाकली. म्हणजे तीन साखळ्या. लॅम्बटनची मद्रासची रेषा साडेसात मैलांची होती, म्हणजे साखळी चारशे वेळा मांडली. आम्ही तीन वेळा मांडली आणि दमलो.

रीत अशी. साखळी जमिनीवर टाकत नाहीत. वीस-वीस फुटी पाच लाकडी पेट्या तिपायांवर एका ओळीत मांडायच्या, स्क्रूने उंची जुळवायची, पाणसळीने पाहायचं आणि साखळी त्या पेट्यांच्या कुशीत ठेवायची. एक टोक पक्कं. दुसऱ्या टोकाला दोरी, दोरी चाकावरून खाली, तिला २८ पौंडांचं वजन. ताण कुणाच्या मनगटावर सोडायचाच नाही. प्रत्येक पेटीत तापमापी.

दोनदा मोजली. दोन मोजण्यांत पावणेतीन इंचांचा फरक आला. तीनशे फुटांत पावणेतीन इंच! मी अक्षरशः खाली बसले.

कारण काकाजींनी दाखवलं. परतीच्या पावसाची ओल जमिनीत होती आणि वर ऊन कडक. काळी माती. वरून वाळलेली, आत लोण्यासारखी. तिपाईचे पाय दर पाच मिनिटाला खाली जात होते, एक जास्त, एक कमी. "हे जमीन पाण्यानं फुगते अन् उन्हानं फाटते," काकाजी म्हणाले. "हिच्यावर खुंटी ठोकली तं थे सकाळी तुमची नसते."

दुसरं कारण आमचंच. वजनासाठी वाळूची थैली लटकवली होती. पहिली मोजणी सकाळी, थैली रात्रभर बाहेर राहून दवाने जड झालेली. दुसरी दुपारी, वाळू कोरडी. हे एका मुलीच्या लक्षात आलं, तिने थैली काट्यावर ठेवून सिद्ध केलं. तिला आजपासून तापमान आणि ताण या दोन्हींची वही दिली.

२१ नोव्हेंबर

काल मतदान होतं. मी आणि कॉलेजातले तिघे ड्युटीवर, त्यामुळे दहा दिवस काम बंद. फक्त तिपायांना रुंद लाकडी तळवे बसवून घेतले.

१ डिसेंबर

जागा बदलली. गावाबाहेर मुरमाचं उंचवट्याचं मैदान मिळालं, गुरं बसायची जागा. तिपाई रोवली की रोवली.

परवानगीसाठी एका कार्यालयात चार खेपा झाल्या. अर्जात "इंग्रज लष्करी पथक" असे शब्द होते, ते वाचून अर्ज टेबलांवरून टेबलांवर फिरत राहिला. शेवटी मी ते खोडून "जमीन मोजणीचं प्रात्यक्षिक" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सही झाली. हा बदल मला मनापासून आवडला नाही, पण मुलांचा महिना वाचला.

२८ पौंड म्हणजे १२.७ किलो. किराणा दुकानदाराकडून लोखंडी मापं उसनी आणली: दहा किलो, दोन किलो, पाचशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम. बरोबर १२.७. दव पडो की ऊन पडो, लोखंड तेवढंच राहतं.

१५ डिसेंबर

थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र.

लॅम्बटनचं मोठं यंत्र लंडनच्या कॅरीने बनवलेलं, तीन फूट व्यासाच्या आडव्या चकतीचं, अर्ध्या टनाचं. हिंदुस्थानात येतानाच ते फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला गेलं होतं, आणि शास्त्राचं काम आहे म्हणून त्यांनी ते आदराने परत पाठवलं. असं यंत्र आम्ही बनवू शकत नाही. म्हणून दोन गोष्टी केल्या. दाखवायला प्लायवुड आणि पितळी पत्र्याचं पूर्ण आकाराचं नमुना-यंत्र. कोन मोजायला लॅबच्या कपाटातला जुना व्हर्नियर थिओडोलाइट, कोनाच्या वीस सेकंदांपर्यंत वाचणारा. त्याच्या दुर्बिणीतून जग उलटं दिसतं: आकाश खाली, झाडं लटकलेली. मुलांच्या पिढीने हे कधी पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी नमुना-यंत्र ट्रॉलीवरून उतरवताना दोरी सुटली. चकती आपटली आणि कड दुमडली. ज्याच्या हातून सुटली तो मुलगा रडायच्या बेतात आला. तेव्हा मी १८०८ ची तंजावरची गोष्ट सांगितली. सपाट मुलखात उंच जागा नव्हती, म्हणून बृहदीश्वराच्या देवळावर हेच यंत्र चढवत होते. दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. चकतीचा आकारच बिघडला. लॅम्बटन सहा आठवडे तंबूत ते उलगडून, हलक्या हाताने ठोकून, परत गोल करत बसला. त्यानंतर त्याच यंत्राने पुढची मोजणी झाली.

मुलगा रात्री नऊपर्यंत रबरी हातोडी घेऊन पितळी कड सरळ करत होता. सगळे त्याच्याबरोबर थांबले.

२९ डिसेंबर

आज एका प्रश्नाने मला दिवसभर सोडलं नाही.

सराव बघायला गावातले काही जण आले होते. एक वयस्क शेतकरी, शांत, स्वच्छ धोतर, मला बाजूला घेऊन म्हणाले: "मॅडम, हे इंग्रज मोजाले आले अन् मंग सारा वाढला. त्याईचं तुमी जत्रा कायले भरवता?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. लॅम्बटन इथे आला तो त्यानंतर अवघ्या पाच-सव्वापाच वर्षांनी, लष्कराच्या पाठोपाठ, नुकत्याच हाती आलेल्या मुलखाच्या कडेने. ज्याच्या हाती नकाशा त्याच्या हाती रस्ते, फौज आणि महसूल. त्रिकोणांची मोजणी थेट शेतसाऱ्याची नव्हती, पण तिच्यावरच पुढचे सगळे नकाशे टांगले गेले. आणि त्याच त्रिकोणांनी पृथ्वीचा आकारही मोजला. दोन्ही एकाच साखळीने झालं. यातलं एक लपवून दुसरं दाखवणं मला जमणार नाही.

म्हणून पटकथेत बदल. तळावर आता एक पाटील येणार. तो विचारणार: माझ्या टेकाडावर झेंडी कुणाच्या हुकमाने लावली? दुर्बीण कुणाच्या अंगणात रोखली आहे? कागद कुठे जाणार? लॅम्बटनने त्याला खरी उत्तरं द्यायची, गोड नव्हे.

पाटलाची भूमिका मी त्या गृहस्थांनाच विचारली. ते म्हणाले, विचार करतो. संध्याकाळी निरोप आला: पागोटं माझं मी आणीन.

५ जानेवारी

हाकांचा सराव. पथक मद्रास-हैदराबादकडून चालत आलेलं, तेव्हा कामाची भाषा तेलुगू आणि दखनी ठेवली. आमच्यात बल्लारपूरचा एक मुलगा घरी तेलुगू बोलणारा. आजवर तो कॉलेजात ते सांगायचाही नाही. आज तो सगळ्यांचा गुरू. "लागंडी!" म्हणजे ओढा, "आपू!" म्हणजे थांब. काकाजी एका तासात शिकले आणि मुलांपेक्षा खणखणीत हाक देतात.

मुलींना झेंडीवाल्यांमध्ये घ्यायचं का, यावर वाद झाला. त्या काळी नव्हत्या, असं एकाचं म्हणणं. मी म्हटलं, ज्या मुलीने वाळूचं वजन पकडलं तिला घरी बसवून मला कोणता इतिहास मिळणार? पाहुण्यांना आम्ही हे सरळ सांगू. पुढे चाललो.

१२ जानेवारी

बिछायत केंद्रातून सुती कनाती आणि दोन राहुट्या ठरल्या. त्यांच्याकडे सगळं सॅटिनचं, गुलाबी. गोदामाच्या तळाशी जुन्या खाकी कनाती सापडल्या, उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलेल्या. त्याच घेतल्या.

रंगीत तालीम झाली. लॅम्बटन होणारा मुलगा फार ताठ उभा राहत होता. त्याला सांगितलं: तू सत्तरीकडे झुकलेला, दमलेला माणूस आहेस. पण यंत्राजवळ आलास की वेगळा होतोस. एव्हरेस्टने त्याच्याबद्दल असंच लिहून ठेवलंय, की यंत्र जुळवायला उठला की त्याच्या अंगातली सगळी दुखणी मागे पडत. मुलाने ते धरलं. बसताना गुडघ्यावर हात, उठताना कण्हणं, आणि दुर्बिणीला डोळा लावला की स्थिर.

१९ जानेवारी

पहाटे पाचला तळावर पोचलो. दव, कापसाच्या पऱ्हाट्यांचा वास, लांब कुठेतरी जिनिंगचा आवाज. सातला कनाती उभ्या. साखळीवर सावली हवी, म्हणून ओळीने कनात.

सव्वासातला तापमापी १४ अंशांवर. दुपारी २९. शंभर फुटांची पोलादी साखळी एवढ्या फरकात सव्वापाच मिलिमीटर वाढते. मुलीने ते गणित फळ्यावर मांडून ठेवलं होतं, आणि लोक तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबले, हे मला अपेक्षित नव्हतं. एका सुतारकाम करणाऱ्या दादांनी विचारलं, मग मोजायचं केव्हा? तिने उत्तर दिलं: कधीही मोजा, पण साखळी किती तापली ते लिहून ठेवा आणि मग सगळं ६२ अंश फॅरनहाइटला आणा. "म्हंजे खोटं नाई बोलायचं, किती खोटं आहे थे लिवून ठेवाचं," दादा म्हणाले. मला वर्गात वीस वर्षं हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

तीन साखळ्या घालायला साडेतीन तास लागले. काकाजींनी एकदाही आवाज चढवला नाही. वजन सोडलं की ते हात वर करायचे, सगळं मैदान गप्प. साखळी थरथरायची, हळूहळू निवांत व्हायची. मग हात खाली. खुंटीवर रेघ. बघायला आलेली लहान मुलंसुद्धा त्या वेळी श्वास रोखून उभी असायची. साधारण दीडशे माणसं दिवसभरात आली असतील, आणि त्यांतली बहुतेक त्या शांततेसाठी परत परत जवळ येत होती.

आधाररेषेच्या दोन्ही टोकांवरून सातशे फुटांवरच्या टेकाडावरच्या झेंडीचे कोन घेतले. एक बाजू आणि दोन कोन, एवढ्यावर तिसरा बिंदू हाती येतो. तिथपर्यंत साखळी न्यावी लागत नाही. आठवीतल्या एका मुलाला हे समजलं तो क्षण मी पाहिला. तो टेकाडाकडे, मग साखळीकडे, मग परत टेकाडाकडे पाहू लागला.

झेंडीवाली मुलगी टेकाडावर सकाळी आठपासून होती. साडेबाराला तिला खाली बोलवायचं राहून गेलं. मीच विसरले. दीड वाजता लक्षात आलं, तेव्हा ती उन्हात, झेंडी सरळ धरून तशीच उभी. खाली आल्यावर मी माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, इशारा नव्हता आला." तिच्या वहीत तिने तिथे बसून लिहिलं होतं: कोण काय मोजतंय ते इथून दिसत नाही, फक्त आपण हलायचं नाही एवढं माहीत असतं.

दुपारी पाटील आले. पागोटं खरंच त्यांचं, आजोबांचं होतं. त्यांनी ठरलेले तीन प्रश्न विचारले आणि चौथा स्वतःचा: "तुम्ही गेल्यावर हा दगड माझ्या शेतात राह्यल. तो कोनाचा?" लॅम्बटनला याचं उत्तर पाठ नव्हतं. तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सरकारचा." गर्दीतून एक शब्द आला नाही.

टोटल स्टेशनने, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने, संध्याकाळी पडताळणी. खुंटी ते खुंटी ९१.४५६ मीटर. आम्ही तापमान सुधारून ३०० फूट, म्हणजे ९१.४४० म्हटलं होतं. फरक १६ मिलिमीटर, पाच अष्टमांश इंच. टेकाडाच्या झेंडीचं अंतर तीन इंचांनी चुकलं. लॅम्बटनने मद्रासहून त्रिकोण मोजत बंगळूरला दुसरी आधाररेषा गाठली, तेव्हा गणिताने काढलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक होता. मुलांना आकडा सांगितला. कुणी काही बोललं नाही. एकाने फक्त साखळीवर हात ठेवला.

२० जानेवारी

सकाळी कबरीपाशी. भाषण ठेवलं नव्हतं. साखळीची मोळी, पाणसळ, ओळंबा आणि एक झेंडी तिथे ठेवली. लॅम्बटन झालेला मुलगा आज साध्या कपड्यांत आला. लाल कोट त्याने घडी करून आणला होता, पण घातला नाही. मी कारण विचारलं नाही.

त्याचं नाव दगडावर राहिलं. त्याच्याबरोबर वीस वर्षं साखळी वाहणाऱ्यांची मुलांनी मोजदाद करायचा प्रयत्न केला. पुढे एव्हरेस्टच्या तळावर सातशे माणसं, चार हत्ती, बेचाळीस उंट असायचे, आणि नावं हाताच्या बोटांवर. काकाजींनी झेंडी उचलली, मातीत नीट रोवली, ओळंबा लावून ती सरळ आहे का पाहिलं. थोडी डावीकडे होती. सरळ केली. मग आम्ही चहा प्यायला गेलो.

१ फेब्रुवारी

हिशेब पूर्ण. खर्च अंदाजापेक्षा साडेचार हजारांनी जास्त, त्यात दोन हजार उंदरांनी कुरतडलेल्या कनातींचे. ती भोकं आमच्या आधीची, हे मांडून झालं, उपयोग झाला नाही.

आज शेवटचं काम: कामाची साखळी पेटीतल्या साखळीशी ताडून पाहणं. सावलीत, एकाच तापमानाला, दोघींना सारखंच वजन लावून. कामाची साखळी एक अष्टमांश इंच लांब निघाली.

मुलांना आनंद झाला. साखळी लांब झाली होती म्हणजे आम्ही ३०० म्हणत होतो तेव्हा खरं अंतर तीन अष्टमांश इंच जास्त होतं. ते मिळवलं की फरक पाचवरून दोन अष्टमांशावर येतो, पाव इंच! एकजण लगेच खडूने लिहायला निघाला.

काकाजींनी त्याला थांबवलं. "रविवारी मोजणी झाल्यावर गावातल्या पोट्ट्याईनं साखळी धरून रस्सीखेच खेळली. म्या पाह्यलं. मोजाच्या आंधी किती वाढली अन् मंग किती, कोन सांगंल?"

कुणालाच सांगता येईना. मोजणीआधी दोन्ही साखळ्या बरोबर जुळल्या होत्या, हे वहीत आहे. म्हणून आधीची आणि नंतरची लांबी यांची सरासरी धरली: साखळीमागे एक सोळांश, तीन साखळ्यांना तीन सोळांश. दहा सोळांशातून तीन वजा.

वहीत लिहिलं: फरक ७/१६ इंच. खाली चौदा सह्या आणि काकाजींची पंधरावी. साखळीला तेल लावलं, मोळी बांधली, पेटीवर तारीख टाकली.